रजा कोणाची, खाडा कोणाचा?

गेली काही वर्षे आमच्या महाविद्यालयातील अर्थशास्त्र विभागाचे रजेचे अर्ज माझ्या सहीने पुढे जातात. प्राचार्यांच्या टेबलावर पोहोचण्यापूर्वी ते एखादा दिवस माझ्या टेबलावर विसावतात, आणि तेवढ्या अवधीत ते वाचून काढण्याची मला सवय जडली आहे. या अर्जांवरून कोणी आमच्या प्रकृतीचा अंदाज बांधायचे ठरवले, तर त्याला असे आढळेल की शिक्षक हा प्राणी बहुधा सोमवारी अथवा शुक्रवारी आजारी पडतो, बुधवारी सहसा पडत नाही. त्याला पोटदुखी, कंबरदुखी आणि ‘व्हायरल ताप’ हे तीनच विकार जडतात. सुटीला लागून आलेला त्याचा आजार कचेरी उघडण्याच्या दिवशी सकाळी न चुकता बरा होतो. ३० मार्च २०११ हा बुधवार होता. तरीही त्या दिवशी अनेक अर्जांत ताप होता. मोहालीला भारत आणि पाकिस्तान यांच्यात विश्वचषकाचा उपांत्य सामना होता, हे वेगळे सांगायला नको.

पूर्वी गावी गेलेला कारकून प्रकृती बिघडल्याची तार ठोकून रजा वाढवून घेत असे. जुलै २०१३ मध्ये तारखाते बंद झाले. आता सकाळी साडेसहाला मोबाईलवर चार शब्दांचा संदेश येतो. साधन बदलले, मजकूर मात्र तोच राहिला. वरिष्ठही तो मजकूर खरा मानत नाहीत आणि खोटाही ठरवत नाहीत. या मूक करारावर आपल्या बहुतेक कचेऱ्या चालतात, आणि त्याकडे आपण विनोदाचा विषय म्हणून पाहतो. परंतु हा करार ज्यांना उपलब्धच नाही अशी माणसे रोज सकाळी माझ्या वाटेत भेटतात, म्हणून त्याविषयी थोडे गंभीरपणे लिहावेसे वाटते.

मी मीरा रोडला राहतो. स्थानकाकडे जाताना माझी वाट नया नगरमधून जाते. दाटीवाटीच्या इमारती, तळमजल्यावर दुकाने, त्यांच्या मागे शिवणकामाचे आणि इस्त्रीचे गाळे, पहाटेपासून भट्टी पेटलेल्या बेकऱ्या, आणि दर पन्नास पावलांवर एखादा दवाखाना, अशी ही वस्ती आहे. येथे कामावर न जाण्याला तीन शब्द कानी पडतात. कचेरीत जाणारा ‘रजा’ घेतो. घरकाम करणारी मावशी ‘खाडा’ करते. गाळ्यात काम करणारा कारागीर म्हणतो, ‘आज नागा हो गया’. हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी वापरले जातात असे वरवर वाटते, पण ते खरे नाही. रजा या शब्दाचा मूळ अरबी अर्थ संमती, म्हणजे तीत देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष गृहीत आहेत. खाड्यात असा दुसरा पक्ष नाही. दिवस पडला की पैसे कापले, एवढाच त्याचा हिशेब. सारांश, आजारी पडण्याची किंमत एकाला शून्य आहे आणि दुसऱ्याला अख्खी रोजी आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापुढचे भाकीत करण्यास फार बुद्धी लागत नाही. जिथे वस्तू फुकट आहे तिथे ती थोडी जास्त उचलली जाईल, आणि जिथे ती परवडत नाही तिथे गरज असूनही उचलली जाणार नाही.

प्रथम आपल्या, म्हणजे रजा असलेल्यांच्या बाजूबद्दल. राज्य शासनाच्या सेवेत वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात. याशिवाय वर्षाला वीस दिवसांची अर्धपगारी रजा असते, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले तर तिचे अर्ध्या दिवसांच्या पूर्णपगारी, म्हणजे परिवर्तित, रजेत रूपांतर करता येते. नियम १९८१ चे आहेत आणि कागदावर उदार आहेत. पण त्यांत एक गृहीतक दडले आहे: आजार हा कर्मचाऱ्याच्या स्वत:च्या शरीरालाच होतो. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, पत्नीच्या वडिलांचे डायलिसिस, मुलाला रात्रभर आलेला दमा यांपैकी कशालाही नैमित्तिक रजा संपल्यावर वैद्यकीय रजेच्या अर्जात रकाना नाही. बालसंगोपन रजा २०१८ मध्ये आली. पण ती मुख्यत: शासकीय सेवेतील स्त्रियांसाठी आहे, आणि आईवडिलांच्या आजारपणाचा तीत विचार नाही. मग माणूस काय करतो? घरातल्या आजाऱ्याचा ताप तो स्वत:च्या नावावर उसना घेतो. दवाखान्यात जाऊन प्रमाणपत्र आणतो, आणि डॉक्टरही ते देतो, कारण या घरातल्या चार पिढ्या त्याला ठाऊक असतात.

मीही हे केले आहे. काही वर्षांपूर्वी वडील अकरा दिवस रुग्णालयात होते. माझ्या नैमित्तिक रजा ऑगस्टमध्येच संपल्या होत्या. मला विषमज्वर झाल्याचे प्रमाणपत्र आजही कुठल्यातरी फाईलमध्ये असेल. त्या अकरा दिवसांत मी रात्री रुग्णालयाच्या बाकावर झोपलो आणि दिवसा औषधांच्या रांगेत उभा राहिलो. विश्रांती म्हणून काही घेतली असेल तर ती रजा संपवून वर्गात परत आल्यावर. खोटे लिहिल्याची खंत मला फारशी वाटली नाही, हे इथे कबूल करतो. खंत वाटली ती पुढे, एका विद्यार्थ्यामुळे. त्याविषयी पुढे येईलच.

नया नगरमधील माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका खासगी संस्थेत आहेत. त्या हसून म्हणतात, ‘सर, चाँद दिसला की दुसऱ्या दिवशीची सुटी मिळते, मला ताप येतो तो तिसऱ्या दिवशी.’ ईदची सुटी सर्वांना असते, पण पाहुण्यांची खरी वर्दळ ‘बासी ईद’ला असते. आमच्या कोकणातील सहकाऱ्यांना गणपतीच्या पाचव्या दिवशी येणारा ताप याच जातीचा. यात कामचुकारपणा आहे असे म्हणण्यापेक्षा, सुट्यांची यादी करणाऱ्याचे कॅलेंडर आणि घराचे कॅलेंडर यांत अंतर आहे असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. शिवाय मीरा रोडकराचे एक खास कारण आहे, ते मंत्रालयात बसून समजणार नाही. अंगात एकशेएक ताप असताना कचेरीतल्या खुर्चीवर बसता येते. विरारहून भरून आलेल्या गाडीत चढता येत नाही.

शिक्षकांच्या गैरहजेरीविषयी नेहमी मोठ्या आवाजात बोलले जाते, म्हणून एक आकडा नोंदवतो. २००३ साली जागतिक बँकेशी संबंधित संशोधकांनी देशातील शासकीय प्राथमिक शाळांना पूर्वसूचना न देता भेटी दिल्या. देशभरात सुमारे २५ टक्के शिक्षक शाळेत आढळले नाहीत. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, म्हणजे पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी होते. झारखंडात ते ४० टक्क्यांच्या वर होते. मंजूर रजेने यातील थोड्याच गैरहजेरीचा उलगडा होत होता. म्हणजे जिथे पाहणारे कोणी नाही तिथे आजाराचे निमित्तसुद्धा लागत नाही. रजेचा अर्ज करणारा, तो खोटा का असेना, निदान नियमाचे अस्तित्व मान्य करतो.

आजाराचा आणखी एक उपयोग आहे, तो म्हणजे संप न म्हणता संप करणे. मार्च २०१७ मध्ये धुळ्यातील मारहाणीनंतर राज्यातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक, आणि मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचे कर्मचारी एकाच वेळी शेकड्यांनी आजारी पडले. ज्या आजाराची तारीख आधी ठरते त्यावर इलाज वैद्याकडे नसतो, एवढेच येथे म्हणतो. तो विषय निराळा आहे.

आता दुसरी बाजू. मुंबईच्या गिरण्यांना खाड्याचे अर्थशास्त्र शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. उन्हाळ्यात लग्नसराई आणि शेतीची कामे आली की साचेखात्यातील माणसे कोकणात आणि घाटावर जात, आणि मालक त्यांना बेशिस्त म्हणत. पण त्याच मालकांनी गिरणीच्या दाराशी बदली कामगारांची एक फौज उभी राहू दिली होती. १९३५ पासून मालकांच्या संघाने या बदल्यांना कार्डे देण्याची पद्धत घातली. बदलीवाल्याने रोज सकाळी दाराशी हजर राहायचे. कायम माणूस आला नाही तर काम, आला तर परत खोलीवर. एकाचा ताप ही दुसऱ्याची भाकरी, अशी ती व्यवस्था होती. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांवर ग्रंथ लिहून, गैरहजेरीचा सारा दोष कामगाराच्या गावच्या ओढीवर टाकण्याची रीत मोडीत काढली. अशी माणसे मालकांना हवीच होती, कारण दाराशी उभ्या माणसाला मजुरी द्यावी लागत नव्हती.

या व्यवस्थेत आजारी माणसाला हक्क म्हणून काहीतरी मिळावे, हा विचार हिंदुस्थानात प्रथम पद्धतशीरपणे मांडला तो एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने, आणि तोही मराठी आडनावाच्या. प्रा. बी. पी. आडारकर यांची मार्च १९४३ मध्ये नेमणूक झाली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सरकारला सादर केला. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली, आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. परळ, वरळी, मुलुंड, कांदिवली येथील कामगार रुग्णालये ही त्याच योजनेची अपत्ये. आमच्या विषयाच्या किती विद्यार्थ्यांना आडारकरांचे नाव ठाऊक आहे, याची मी दरवर्षी वर्गात चाचणी घेतो आणि दरवर्षी निराश होतो.

या योजनेत आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. क्षयासारख्या दीर्घ आजारात, नोकरीची अट पुरी झाली असेल तर, त्यानंतरही ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत तरतूद आहे. ही तरतूद लहान नाही. पण दोन ठिकाणी ती गळते. पहिले, आजाराच्या नव्या खेपेचे आरंभीचे दोन दिवस भत्ता नाही. त्यांना प्रतीक्षेचे दिवस म्हणतात. यामागील तर्क विमाशास्त्रात ‘नैतिक जोखीम’ या नावाने शिकवला जातो: पहिल्या दिवसापासून पैसे दिले तर प्रत्येक शिंकेला लोक घरी बसतील. दुसरे, योजना दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू आहे, आणि १ जानेवारी २०१७ पासून तिची वेतनमर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. त्याच वर्षी आलेल्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ पगारी नैमित्तिक रजा दिल्या, त्याही दहा माणसांच्या वरच्या आस्थापनांना. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची मर्यादा वीसवर नेण्यास मान्यता दिली. ज्याच्या दुकानात बारा माणसे आहेत त्या मालकाची कारकुनी यामुळे हलकी होईल हे खरे. पण त्या बारा जणांच्या आठ दिवसांचे काय, याची चर्चा मला कोठे आढळली नाही.

नैमित्तिक रजेचे हे आठ दिवस आणि प्रतीक्षेचे ते दोन दिवस किरकोळ वाटतात. जर्मनीतील कामगारांना ते तसे वाटले नव्हते. तेथे कचेरीतील कारकुनाला आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळे, आणि कारखान्यातील कामगाराला सुरुवातीचे दिवस कोरडे जात. २४ ऑक्टोबर १९५६ रोजी उत्तरेकडील श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतातील जहाजबांधणी आणि धातुउद्योगातील कामगारांनी या एकाच प्रश्नावर संप पुकारला आणि कडाक्याच्या थंडीत तो सोळा आठवडे चालवला. कारकुनाचा ताप आणि कामगाराचा ताप कायद्यासमोर समान ठरण्यास तेथे १९७० साल उजाडले. त्यानंतर जर्मन उद्योग बुडाल्याचे ऐकिवात नाही. ब्रिटनमध्ये १९८२ पासून सात दिवसांपर्यंतच्या आजाराला डॉक्टरचे प्रमाणपत्र लागत नाही. कामगार स्वत:च लिहून देतो. आपल्याकडे तो कागद आणायला आजारी माणसालाच दवाखान्याच्या रांगेत बसावे लागते.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेतला, नया नगरमध्ये राहणारा, शांत स्वभावाचा मुलगा. परीक्षेला बसण्यासाठी विद्यापीठाला ७५ टक्के हजेरी लागते. त्याची पन्नासच्या आसपास भरली. हजेरी माफ करण्याच्या अर्जासोबत त्याने कावीळ झाल्याचे प्रमाणपत्र जोडले होते. कावीळ झालेला माणूस मी पाहिला आहे, आणि हा मुलगा तसा दिसत नव्हता. मी त्याला बसवून विचारले. त्याचे वडील सहा-सात माणसांच्या एका गाळ्यात तयार शर्टांना इस्त्री करतात, मजुरी नगावर. दोन महिने त्यांना खोकला होता. रोज संध्याकाळी अंग तापे, तरी ते वाफेच्या इस्त्रीपुढे दहा-दहा तास उभे राहत, कारण ‘नागा’ झाला की त्या दिवसाचे नग दुसऱ्याच्या नावावर चढत आणि चार नागे झाले की जागाच दुसऱ्याची होई. तपासणीत क्षय निघाला. तोपर्यंत त्याच गाळ्यातील आणखी एकाला खोकला सुरू झाला होता. औषध सरकारकडून मोफत मिळाले, पोषणासाठीचे महिना हजार रुपयेही, जे नोव्हेंबर २०२४ पूर्वी पाचशे होते. पण जागा कोण राखणार? ती या मुलाने राखली. सकाळच्या माझ्या तासाला तो गाळ्यात बापाच्या जागी इस्त्री फिरवत होता. १९३५ च्या गिरणीच्या दाराशी उभा असलेला बदलीवाला मला माझ्या वर्गपटावर असा भेटला. फरक इतकाच की याला कोणी कार्ड दिले नव्हते.

त्याच्या प्रमाणपत्रावर कावीळ का होती? कारण महाविद्यालयाच्या अर्जात ‘विद्यार्थ्याचा आजार’ एवढाच रकाना आहे. माझ्या विषमज्वराचा रकानाही तोच होता. मी वडिलांसाठी खोटे लिहिले, त्यानेही वडिलांसाठीच लिहिले. मला अकरा दिवसांचा पूर्ण पगार मिळाला. त्याचे वर्ष जाण्याच्या बेतात होते. मी अर्जावर शिफारस लिहिली आणि सही केली. नियमाप्रमाणे हे चूक आहे, याची मला जाणीव आहे.

नैतिक जोखमीच्या तर्काला माझा विरोध नाही. मी तो शिकवतो. पण तो अर्धाच शिकवला जातो. रजा फुकट दिल्याने जो निरोगी माणूस घरी बसतो त्याचा खर्च आपण मोजतो. रजा न दिल्याने जो रोगी माणूस कामावर येतो त्याचा खर्च मोजत नाही, कारण तो त्याच्या शेजाऱ्याच्या फुप्फुसात, बेकरीतल्या पावात आणि सकाळच्या गाडीत वाटला जातो. २०२० मध्ये हे सर्वांना काही महिने समजले होते. तेव्हा खोकणाऱ्या माणसाने घरी थांबणे हे राष्ट्रकार्य ठरले. फक्त त्याच्या त्या दिवसाची मजुरी कोणाच्या अंदाजपत्रकात शिरली नाही.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लोकलगाड्यांत जे स्फोट झाले, त्यांतील एक मीरा रोडला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावल्या, माणसे चढली, आणि या शहराच्या धैर्याचे पोवाडे गायले गेले. धैर्य होतेच. पण त्या सकाळी फलाटावर उभ्या असलेल्यांपैकी किती जणांच्या खात्यात एक दिवसाची रजा शिल्लक होती, हे कोणी विचारल्याचे स्मरत नाही.

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत आणि त्यांखालील नियमांची घडी अजून बसायची आहे. या काळात तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. प्रतीक्षेचे दोन दिवस रद्द करावेत, निदान संसर्गजन्य आजारांपुरते तरी. तीन दिवसांपर्यंतच्या आजारासाठी प्रमाणपत्राची अट काढून कर्मचाऱ्याच्या लेखी निवेदनावर भागवावे, आणि त्यात ‘कुटुंबीयाचा आजार’ असा रकाना घालावा, म्हणजे निम्मे खोटे आपोआप खरे होईल. तिसरी गोष्ट अवघड आहे. दहा माणसांहून लहान गाळ्यांतील कामगारांचा आजार-भत्ता मालकाकडून वसूल होणार नाही. तो मालकही बहुधा कर्जात असतो. तो सार्वजनिक निधीतूनच द्यावा लागेल. आरंभ क्षयरोग्यांपासून करता येईल, कारण त्यांची नोंद शासनाकडे आधीच आहे आणि पैसे थेट खात्यात जाण्याची सोयही आहे. महिना हजार रुपयांत पोषण होईल. सुरुवातीच्या दोन महिन्यांची मजुरी मात्र त्यात बसत नाही, आणि माणूस गाळ्यात जातो तो मजुरीसाठी.

त्या मुलाचे वडील तिसऱ्या महिन्यात इस्त्रीवर परतले. औषधे चालू आहेत. त्यांच्या शेजारी उभा राहणारा जो खोकत होता, त्याने अजून तपासणी करून घेतलेली नाही. दवाखाना सकाळी दहाला उघडतो, आणि गाळा नऊला.